एरर ६७८, मुक्काम पोस्ट कुंडल

आमच्या कुंडलचं नाव इतिहासात गेलं, त्यात तारा तोडण्याचा वाटा मोठा आहे. बेचाळीसनंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात टेलिफोनच्या आणि तारायंत्राच्या तारा तोडायच्या, डाकबंगले पेटवायचे, गाड्या अडवायच्या, हा भूमिगतांचा उद्योगच होता. कुंडल औंध संस्थानात, त्यामुळं इंग्रजांच्या फौजदाराला इथं सरळ पाऊल टाकायची पंचाईत. प्रतिसरकारचं ठाणं इथं जमलं त्याला हेही एक कारण. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ ही नावं आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रुळावर दगड रचून प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली, ती गोष्ट तर भाजीत मीठ कमी पडलं एवढ्या निमित्तानंही निघते.

अशा गावात मी सून म्हणून आले, आणि माझ्या वाट्याला काम आलं ते तारा जोडायचं.

मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचे वडील त्या काळात निरोप पोचवायचे आणि सवड मिळेल तशी तारही तोडायचे. "आमच्या दादानं एका रातीत चार मैलाची तार खाली घेतली," मामा सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हा हे अंतर दोन मैल होतं. दर दिवाळीला पाहुण्यांच्या गर्दीत ते थोडं थोडं वाढत गेलं. "आन् तुमी एवढी शिकल्याली माणसं, तुमास्नी भिंतीतली एक जोडता येईना व्हय?"

भिंतीतली ती तार आमच्या घरातल्या संगणकाला जाते, आणि खरी अडचण त्या संगणकाची आहे. तो २००६ सालचा. सांगलीत सुटे भाग जोडून घेतलेला, पाठीमागं हातभर पोट सुटलेला मॉनिटर, आत विंडोज एक्सपी. ही एक्सपी बाजारात आली २००१ ला आणि तिची देखभाल थांबली ८ एप्रिल २०१४ ला. सगळ्या जगाला ते कळलं. आमच्या ह्यांनाही कळलं, पण पटलं नाही. कारण ह्यांच्या लग्नपत्रिका ह्याच संगणकावर जुळतात. पेजमेकर आणि श्रीलिपी, ह्या जोडीवर आमच्या घरची चूल आहे. श्रीलिपीचं एक कुलूप असतं. बोटभर लांबीचा हा ठोकळा संगणकाच्या पाठीशी, जुन्या प्रिंटरच्या पंचवीस भोकांच्या खोबणीत बसवायचा. तो तिथं असला तर अक्षरं उमटतात, नसला तर नाही. आता नव्या संगणकांना ती खोबणच नसते. म्हणजे कुलूप आमच्याकडं शाबूत आहे, फक्त ते लावायला दार उरलेलं हे एकच, आणि म्हणून सगळं घर ह्या दाराला जपतं.

पत्रिकेचा धंदा कुंडलात असावा ही गंमतच म्हणायची. प्रतिसरकारनं त्या काळी इथं 'गांधी लग्नं' लावली होती. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही, थोडक्या खर्चात दोघं मोकळी. ते सरकार आणखी पंधरा-वीस वर्षं टिकतं तर आमचा धंदा उभाच राहिला नसता. आता पत्रिका चार घड्यांची असते. वर 'श्री जोतिबा प्रसन्न', खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग मुलगा-मुलगी जागा मिळेल तिथं, आणि उरलेल्या साडेतीन घड्यांत चेअरमन, माजी चेअरमन, व्हाइस चेअरमन, समस्त भावकी, स्वागतोत्सुक, कार्यवाहक आणि शेवटी किलबिल. किलबिलीतल्या बाळाचं नाव राहिलं म्हणून एका घरानं सगळा गठ्ठा परत पाठवला होता. ते बाळ तेव्हा बारशाचंही नव्हतं.

नवा संगणक घ्या, असं सांगणारे पुष्कळ होते. त्यांना मामा आडवे आले. मामा किर्लोस्करवाडीला फिटर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनापाशी निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला आणि पुढं स्टेशनानंही कारखान्याचंच नाव घेतलं, हे मामांच्या लेखी औद्योगिक क्रांतीचं पहिलं आणि शेवटचं प्रकरण आहे. लोखंडी नांगर तीन पिढ्या चालतो तर ह्या डब्याला काय धाड भरली, असा त्यांचा प्रश्न. संगणक रुसला की मामा त्याच्या पेटीला कान लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "बेरिंग गेलंय." आम्ही हसायचो. एकदा सांगलीच्या दुकानात पेटी उघडली तेव्हा आतल्या पंख्याचं बेरिंग खरोखरच गेलेलं निघालं. त्या दिवसापासून नेट गेलं तरी मामा आधी कान लावतात.

आणि मी? माझ्याकडं एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट आहे. त्या काळी सरकारी नोकराला एमएस-सीआयटी झाल्याशिवाय वेतनवाढ मिळायची नाही, त्यामुळं बाजारपेठेत किराण्याच्या दुकानांवरही वर्ग निघाले होते. मी काही नोकरदार नव्हते. 'मुलीस कॉम्प्युटर येतो' एवढी एक ओळ बायोडाट्यात घालता यावी म्हणून आईनं मला बसवलं होतं. आमच्या बॅचला उरलेले सगळे ग्रामसेवक, तलाठी आणि एक रिटायरमेंटला आलेले हेडमास्तर. त्यांना माउस धरताना घाम फुटायचा आणि मी त्यांची प्रॅक्टिकल करून द्यायचे. सासरी ते सर्टिफिकेट फ्रेम करून संगणकाच्या वर टांगलं आहे. त्यामुळं बिघाड झाला की सगळे आधी फ्रेमकडं बघतात आणि मग माझ्याकडं.

पूर्वी नेट यायचं ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून. एकाच तारेत खालच्या पट्टीत माणसाचा आवाज आणि वरच्या पट्टीत संगणकाचं बोलणं. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून मध्ये एक छोटी डबी, स्प्लिटर. एक्स्चेंज पाच किलोमीटरच्या पलीकडं गेलं की हे बोलणं विरत जायचं. आमचं घर त्या हिशेबात बसत होतं, पण डबीचा आणि आत्यांचा हिशेब बसत नव्हता. आत्या म्हणजे सासूबाई. झाडताना त्या फोन उचलून बाजूला ठेवायच्या आणि परत लावताना वायर जिथं बसेल तिथं लावायच्या. मग नणंदेचा फोन आला की नेट जायचं, नणंदेनं ठेवला की यायचं. मोडेमवरचा एक हिरवा दिवा लुकलुकत राहिला की आमच्याकडं म्हणायचे, वन्संचं चाललंय.

तेव्हाच्या एका योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवा, फुकट. शेतीपंपाची वीजही तेव्हा रात्रीच यायची. म्हणजे रात्री दोनला मामा बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला निघायचे आणि त्याच वेळी हे बॉर्डरच्या डिझाइन उतरवायला उठायचे. दाराशी दोघांची गाठ पडायची. "किती झालं?" "चाळीस टक्के. तुमचं?" "तीन सऱ्या." लाइट गेली की दोघंही एकाच वेळी एकच शिवी द्यायचे. बाप-लेकांत तेवढा सलोखा मी नंतर बघितला नाही.

मग गावात काचेची तार आली. केबलवाल्याचा पोरगा मोटारसायकलवर रिळ बांधून आला, भिंतीला भोक पाडलं, पांढरा डबा लावला आणि रंगीत दिवे दाखवून गेला. तांब्याची जुनी तार आत्यांनी काढून घेतली. ती आता परसात कपडे वाळवायला आहे आणि वजनाला एकदम चांगली आहे. ओल्या गोधड्याही पेलते. डब्याचा वायफायचा पासवर्ड मामांनी स्वतःच्या खिशातल्या डायरीत उतरवून घेतला, कारण बिल ते भरतात. पाच मिनिटांत घरातले सगळे मोबाइल चालू झाले. आत्यांच्या मोबाइलवर कीर्तन लागलं.

फक्त संगणक चालेना.

ह्यांनी रोजच्या सवयीनं पडद्यावरच्या 'ब्रॉडबँड कनेक्शन'वर टिचकी मारली. संगणकानं बराच वेळ विचार केला आणि पाटी दिली: एरर ६७८. दूरच्या संगणकानं प्रतिसाद दिला नाही.

"दूरचा म्हणजे कुठला?" ह्यांनी विचारलं.

"पुण्याचा आसंल," आत्या म्हणाल्या. त्यांच्या मते जे काही उत्तर देत नाही ते पुण्यात असतं. माझे धाकटे दीर पुण्यात आहेत.

पुढचे काही दिवस आमच्या ओसरीवर जी बैठक बसली तिचं वर्णन करायला मला कुस्तीच्या मैदानाचे निवेदकच हवेत. पत्रिका छापायला येणारा प्रत्येक माणूस जाणकार निघाला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी संगणक बंद करून परत चालू करायला सांगितला. द्राक्षबागवाले एक काका म्हणाले, व्हायरस आहे, आणि औषध किती दिवसांच्या अंतरानं मारायचं तेही सांगायला लागले. केबलवाल्याच्या पोरानं खिशातून मोबाइल काढून आम्हाला एक गाणं लावून दाखवलं आणि म्हणाला, "आमच्या बाजूनं ओके आहे, वहिनी. मशिन बदला." 'आमच्या बाजूनं ओके' हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याचा पुतळा कुठल्या तरी चौकात बसवायला हवा. त्या वाक्यानं एका क्षणात जबाबदारी भिंतीच्या अलीकडं येते. मामांनी कान लावला. "बेरिंग चांगलं हाय," ते म्हणाले, आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

शेवटी भावजींना फोन लावला. भावजी हिंजवडीला कॉम्प्युटरमध्येच आहेत, पण ते नेमकं काय करतात हे आम्हाला आणि, त्यांच्या बोलण्यावरून वाटतं, त्यांनाही नीट सांगता येत नाही. ते म्हणाले, "वहिनी, स्क्रीनशॉट पाठवा." ज्या संगणकाला नेट नाही त्याच्यावरून स्क्रीनशॉट कसा पाठवायचा, हे मी विचारलं. "बरं, मग फोटो काढून पाठवा." जुन्या काचेच्या मॉनिटरचा फोटो काढला की काळे आडवे पट्टे येतात. भावजींना पट्टे पोचले. "वहिनी, ही साडी कुणाची?"

तरी फोनवर फोन करून भावजींनी उलगडा केला तो असा. पूर्वीचा मोडेम नुसता पूल होता. आपलं नाव आणि पासवर्ड सांगून पलीकडच्याला हाक मारायचं काम संगणक स्वतः करायचा. नवा डबा ते काम परस्पर करतो. नाव तोच सांगतो, पासवर्ड तोच देतो, आणि आत घरात सगळ्यांना तयार नेट वाटतो. पण हे संगणकाला कुणी सांगितलं नाही. तो आपला रोज सकाळी दाराशी उभा राहून जुन्या पद्धतीनं हाक मारतोय, आणि हाकेला ओ देणारं आता तिथं कुणी नाही. म्हणून ६७८. म्हणजे बिघाड कुठंच नव्हता. २००६ साली दिलेला हुकूम तो इमानानं पाळत होता.

हे मी मामांना सांगितलं. मामा ताठ बसले. "हे तर आमच्या दादाचंच झालं," ते म्हणाले. "निरोप घिऊन गेलं की आधी खूण सांगायची. एकदा खूण बदलली आन् दादाला कुणी सांगितलीच न्हाई. रातभर दाराभाईर जुनीच खूण सांगत बसल्यालं. आत माणसं जागी, पर कुणी दार उघडंना." मग संगणकाच्या पेटीवर हात ठेवून म्हणाले, "ह्येला काय बोलू नगासा." त्या दिवसापासून मशिन बदला म्हणणाऱ्याला आमच्या ओसरीवर चहा मिळत नाही.

म्हणजे हाक मारणं सोडून द्यायचं आणि तार नुसती डब्याला लावायची, एवढंच. लावली. खाली उजव्या कोपऱ्यात दोन चिमुकले मॉनिटर दिसले, निळे झाले, पण नेट नाही. भावजी म्हणाले, स्टार्ट, रन, सीएमडी. काळी खिडकी उघडली. आत्या मागं उभ्या होत्या. "आगं, काळं झालं की! बंद कर, बंद कर!" मी तोवर आयपीकॉन्फिग टाइप केलं होतं. पत्ता दिसला: १९२.१६८.१.५.

आता ह्या पत्त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून होतात सुमारे ४२९ कोटी. माणसं त्याहून जास्त, आणि एकेका माणसाकडं दोन-दोन यंत्रं. ३ फेब्रुवारी २०११ ला ह्या पत्त्यांचा जगाच्या मुख्य कोठारातला शेवटचा साठाही वाटून संपला. पण ह्यावर तोड आधीच काढून ठेवली होती. काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. ते घराच्या आत कुणीही वापरावेत, बाहेर घराचा म्हणून एकच पत्ता दिसेल. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते त्यातले. म्हणजे कुंडलातल्या आमच्या संगणकाचा जो पत्ता, तोच ब्राझीलमधल्या कुणाच्या प्रिंटरचा असू शकतो आणि दोघांची पत्रं कधी अदलाबदल होत नाहीत. भावकीत एकच नाव चौघांना ठेवणाऱ्या आमच्या गावाला हे पटायला वेळ लागला नाही. पोस्टमन रोज तेच निस्तरतो.

आमची भानगड अशी, की हा पत्ता हातानं लिहून ठेवलेला होता. कधी काळी पलूसच्या एका पोरानं दोन संगणकांत एक प्रिंटर चालवण्यासाठी तो तसा बसवला होता. नवा डबा मात्र १९२.१६८.१०० च्या गल्लीत राहायला होता. एकाच घरात, एकाच तारेवर, दोघं दोन गल्ल्यांत. भावजींनी मला एका खिडकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नेलं आणि एका ओळीपुढं टिंब द्यायला लावलं: 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली'. पत्ता आपोआप घे बाबा. घेतला. काळ्या खिडकीत डब्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' म्हणून विचारलं, आणि डब्याकडून पटापट चार ओळी उत्तर आलं. त्या चार ओळी बघून मला जे वाटलं ते दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

पण साइट उघडेना. भावजी म्हणाले, आठ-आठ-आठ-आठला पिंग करा. मामांनी मान वर केली. "ह्यो आकडा कशाला लागतोय?" ओपन का क्लोज हे त्यांनी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर ते होतं. ही गूगलची नावावरून पत्ता सांगणारी चावडी, २००९ पासून जगाला खुली. तिथून उत्तर आलं. म्हणजे रस्ता खुला होता, फक्त नाव सांगून पत्ता विचारायची आमची चावडी जुन्या कंपनीची लिहिलेली होती, आणि ती परक्या गिऱ्हाइकाशी बोलत नव्हती. तिथंही टिंब हलवलं. टिंबंच हलवायची होती सगळी. एवढ्यासाठी गावातली निम्मी शहाणी माणसं आमच्या ओसरीवर चहा पिऊन गेली होती.

मग पान उघडायला लागलं, आणि अर्ध्यावर येऊन संगणकानं नवीन पाटी लावली. ह्या साइटचं प्रमाणपत्र एक तर संपलंय किंवा अजून सुरूच झालेलं नाही. गूगलचं प्रमाणपत्र अजून सुरू झालं नाही? मी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. १ जानेवारी २००२.

हे काही नवीन नव्हतं, फक्त कुणी मनावर घेतलं नव्हतं. संगणक बंद असताना तारीख-वेळ सांभाळायला आत एक चपटा सेल असतो, आणि आमचा तो कधीच संपला होता. त्यामुळं मशिन चालू केली की ती दर वेळी सांगायची, माझं सगळं विसरलं, एफ१ दाबा. आमच्या घरात एफ१ दाबणं हा दिवाबत्तीचा भाग झाला होता. आत्यांना संगणकातलं दुसरं काहीही येत नाही, पण देवापुढं उदबत्ती लावून जाता जाता त्या एफ१ दाबतात. एफ१ दाबलं की मशिन निमूट उघडते आणि आतून २००२ सालात राहते. पत्रिकेला त्यानं काही अडत नव्हतं, कारण लग्नाची तारीख गिऱ्हाईक सांगतं. पण जाळ्यावरचं हल्लीचं प्रत्येक प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असतं. २००२ सालात बसून बघितलं तर ती सगळीच भविष्यातली. तसं म्हटलं तर २००२ साली माझंही लग्न झालेलं नव्हतं. ह्या घरात मी कोण, हे त्या संगणकाला कुठल्या कायद्यानं ठाऊक असणार?

सेलचं नाव सीआर २०३२. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून २०३२, तीन व्होल्ट. मी घड्याळजीकडं गेले. "कुठलं घड्याळ?" त्यानं विचारलं. "कॉम्प्युटरचं," मी म्हटलं. त्यानं भिंग डोळ्यावरून काढलं, माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि काचेखालून पट्टी काढून दिली. पेटी मामांनी उघडली. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आत गेल्या किती खंडेनवम्यांचं हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या निघाल्या ते विचारू नका. दर दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करतो, आणि संगणकाच्या पुढच्या पंख्यानं ती पूजा मनापासून आत ओढून घेतली होती. मामांनी जुन्या दाढीच्या ब्रशनं सगळं झाडलं, सेल बसवला, तारीख भरली. दुसऱ्या दिवशी आत्या उदबत्ती घेऊन आल्या, बोट पुढं केलं, आणि मशिननं एफ१ मागितलंच नाही. त्या थोडा वेळ बोट धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता माझी गरज न्हाई म्हणायची."

तारीख सुधारली तरी निम्म्या साइट उघडेनात. दोन टोकांनी बंद पाकिटातून बोलायची जी रीत आता सगळीकडं आहे, ती २००८ साली ठरली. एक्सपीबरोबरच्या जुन्या ब्राउझरला ती कुणी शिकवलीच नाही. क्रोमनं एक्सपीची साथ २०१६ ला सोडली. फायरफॉक्सची ५२ क्रमांकाची आवृत्ती मात्र एक्सपीवर चालते आणि तिला नवी रीत येते. सुधारणा तिलाही २०१८ पर्यंतच मिळाल्या. ती मी पेनड्राइव्हवर आणून घातली. भावजींनी बजावलं, ह्यावर बँकेचं काही करायचं नाही, पासवर्ड टाकायचे नाहीत, हे मशिन म्हणजे दार सताड उघडं. खरं आहे. माझं मत विचाराल तर असली मशिन नेटला लावूच नये. पेनड्राइव्हनं भागतं. पण ज्या घरात यंत्राची बाजू घेणारा माणूस रोज ओसरीवर बसतो, तिथं माझ्या मताला सर्टिफिकेटाच्या फ्रेमएवढीच किंमत. ह्यांना मेल हवी होती. "मॅटर मेलवर मागवायचं, कॉपी करायचं, पेजमेकरमध्ये टाकायचं. टाइप करायलाच नको," हे म्हणाले. सगळा खटाटोप ह्या एका वाक्यासाठी होता.

पहिली मेल आली दुधोंडीच्या एका पाहुण्यांची. ह्यांनी सगळ्यांना बोलावलं. मेल उघडली, पत्रिकेचा मजकूर सुरेख मराठीत समोर. ह्यांनी तो उचलला आणि पेजमेकरमध्ये सोडला.

सगळी प्रश्नचिन्हं. वराच्या जागी प्रश्नचिन्हं, वधूच्या जागी प्रश्नचिन्हं, मुहूर्त, विवाहस्थळ, समस्त भावकी, सगळीकडं प्रश्नचिन्हांच्या रांगा. मोबाइलवर लिहिलेली मराठी युनिकोडची, आणि पेजमेकर युनिकोडच्या आधीच्या जमान्यातला. त्याला ती अक्षरं दिसतच नाहीत.

मामांनी चष्मा पुसून पडदा नीट वाचला. "लगीन ठरलंय का न्हाई नक्की?"

शेवटी पाहुण्यांनाच बोलावून घेतलं. ते आले, ह्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. ते मोबाइलवरून वाचणार आणि हे टाइप करणार, म्हणजे नेट यायच्या आधी जे चालायचं तेच. आत्यांनी चहा ठेवला. पाहुण्यांनी 'आमचे येथे' पर्यंत वाचलं आणि थांबले. मोबाइल खिडकीकडं धरला, दाराकडं धरला, डोक्यावर धरला.

"वहिनी, घरात रेंजच न्हाई बघा. तेवढा वायफायचा पासवर्ड देता का?"

मी मामांकडं बघितलं. मामांनी खिशातली डायरी काढली, मांडीवर ठेवली, आणि उघडली नाही.

"दितो की," ते म्हणाले. "आधी सांगा पाव्हणं, तुमी कुणाच्यातलं?"

पाहुण्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि आजोळापासून सुरुवात केली.